डाव्या हाताचं हेड

बाजारात त्यांना सगळे हेडमास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध असलाच तर एवढाच, की त्यांचं दुकान शाळेच्या भिंतीला लागून होतं आणि मधल्या सुट्टीत चेंडू पत्र्यावर येऊन आदळत. ते दुरुस्त करत ती ट्रायपॉडची हेडं. खाली तीन पायांचा स्टँड, वर व्हिडिओ कॅमेरा, आणि दोघांच्या मधोमध कधी मुठीएवढा तर कधी कोबीच्या गड्ड्याएवढा जो धातूचा भाग असतो, ज्याच्या जोरावर कॅमेरा न थरथरता वळतो आणि वरखाली होतो, ते हेड.

"मास्तर, जरा आमचं डोकं तपासा," असं म्हणतच गिऱ्हाईक आत शिरे. हा विनोद मास्तरांनी इतक्यांदा ऐकला होता की त्याची चव कधीच गेली होती. तरी ते हसत. "फिरलंय की अडकलंय?" एवढंच विचारत आणि हात पुढे करत.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकीशी टेबल, वस्तू घट्ट धरून ठेवायला टेबलाला पक्का बसवलेला व्हाइस, जुन्या बरण्यांमधून आकारानुसार लावलेले स्क्रू, आणि ग्रीसचे डबे. कुठलं ग्रीस पातळ, कुठलं घट्ट, हे डब्यावर लिहिलेलं नसे. मास्तर बोटाच्या चिमटीत घेऊन ताणून बघत, हलव्याचा पाक बघावा तसं. मागच्या भिंतीला फळ्या, आणि फळ्यांवर ओळीने हेडं. काही विकायची, काही दुरुस्तीची, काही मालक विसरूनच गेलेली.

दुरुस्तीच्या वेळी मास्तर गरीब गाय, पण कुणी हेड निवडायला आलं की त्यांच्या अंगात येई. एकदा लग्नाचं शूटिंग करणारे एक गृहस्थ आले आणि फळीवरच्या सगळ्यात मोठ्या हेडवर बोट ठेवून म्हणाले, "हे द्या. चांगलं दणकट दिसतंय."

"कॅमेरा आणलाय?"

"घरी आहे. लहानसाच आहे हो."

"मग जा आणि घेऊन या. माइक, दिवा, जे काय त्याच्यावर चढवता ते सगळं चढवून आणा. पाय घरी ठेवून बूट घ्यायला आलात तुम्ही."

गृहस्थ कुरकुरत गेले आणि कॅमेरा घेऊन आले. मास्तरांनी तो मोठ्या हेडवर चढवला, पुढे झुकवला आणि सोडला. कॅमेरा ताडकन मागे उसळला. "आतल्या स्प्रिंगला याचं वजन जाणवतच नाही," मास्तर म्हणाले. मग लहान हेडवर चढवला. तिथे कॅमेऱ्याने सरळ मान टाकली. तिसऱ्यावर मात्र झुकवला तिथेच तो थांबला, कुणी हाक मारल्यावर थांबावं तसा. "हे तुमचं. हात सोडला तरी कॅमेरा जागचा हलता कामा नये. हात वळवायला असतो, तोलायला नाही."

गृहस्थांनी स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा झुकवून पाहिलं, आणि जाताना लहान मुलासारखे खूश होऊन गेले.

हे सगळं मास्तर शिकले ते त्यांच्या ताईमुळे. ताई त्यांच्याहून बरीच मोठी. बायका कॅमेरा हातात घेतात हे बघायची लोकांना सवय नव्हती, तेव्हापासून ती सभागृहांमधून नाटकं, गाणी, नाच, भाषणं शूट करायची. सभागृहात सगळ्यात मागे, शेवटच्या रांगेच्याही पाठीमागे तिची जागा. कॉलेजात नापास होऊन घरी बसलेल्या धाकट्या भावाला तिने एक दिवस उठवलं आणि म्हणाली, "लोळून काय करतोस, चल, ट्रायपॉड उचल." भाऊ उचलायला लागला. मग एकदा तिचं हेड अडकलं, दुरुस्तीवाल्याने हात टेकले, आणि भावाने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. आई ओरडली, ताई नाही ओरडली. ती शेजारी बसून सुटे भाग कागदावर ओळीने मांडत राहिली. हेड पुन्हा जुळलं आणि भावाला आपला धंदा सापडला.

ताईचा स्वभाव कडक. नाकावर राग. कुणी कॅमेऱ्यासमोरून गेलं की ती नुसती बघायची, आणि तो माणूस वाकून, माफी मागत जायचा. पण तिचा कॅमेरा वळायचा तो असा, की बघणाऱ्याला तो वळतोय हे कळायचंच नाही. गायिकेने मान वळवायच्या आधीच ताईला ते कळलेलं असायचं.

आणि मग एका सकाळी दात घासताना तिच्या हातातून ब्रश पडला. तिने उचलला, पुन्हा पडला. आरशात बघितलं तर ओठाचा एक कोपरा खाली आलेला. लेक घरात होती म्हणून वेळेवर दवाखान्यात नेलं. झटका हलका होता, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं परत आलं, चालणं परत आलं. उजवा हात तेवढा परत आला नाही. म्हणजे खांद्यापासून हलायचा, पण बोटं काही धरायला तयार होईनात. वाटी धरायची म्हटली तरी कपाळाला घाम यायचा.

मास्तर रोज संध्याकाळी दुकान लवकर बंद करून जायचे. ताई बोटांचे व्यायाम करायची, रबराचा चेंडू दाबायची, आणि कामाचा विषय निघाला की उठून आत जायची. सभागृहाच्या व्यवस्थापकाने तिच्या जागी एक तरुण माणूस घेतल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तिने नुसतं "बरं झालं" म्हटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी भाची दुकानात आली. खांद्यावर ताईची जुनी कापडी पिशवी. पिशवी टेबलावर ठेवून ती म्हणाली, "मामा, हे आईचं हेड. कुणाला तरी देऊन टाक म्हणालीये. कॅमेरापण विकायचा म्हणतेय."

"ती म्हणाली? स्वतःहून?"

"स्वतःहून. आणि मामा, खरं सांगू, मलाही बरंच वाटलं. ते सगळं कोपऱ्यात पडलेलं असतं आणि ती येता जाता त्याच्याकडे बघते. मला नाही बघवत ते."

मास्तरांनी पिशवीवर हात ठेवला. भाचीला कामावर जायचं होतं, ती गेली. मग त्यांनी हेड बाहेर काढून व्हाइसमध्ये धरलं. द्यायचंच तर निदान साफ करून द्यावं, असा विचार.

पण हात लावल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं, काहीतरी वेगळं आहे. कॅमेरा वळवायचा दांडा ताई कायम उजव्या बाजूला लावायची. तो आता डाव्या बाजूला होता. दांडा बसवायचे डाव्या बाजूचे दाते वर्षानुवर्षं कधी वापरातच नव्हते, आणि आता त्यांच्यावर ताजे, चमकणारे ओरखडे होते. कॅमेऱ्याचं वरखाली होणं थांबवणारी जी कळ असते, ती तडकली होती आणि तिच्या कडेला पकडीचे दात उमटले होते. कुणीतरी पकड लावून, अंगातली होती नव्हती ती ताकद लावून ती पिळली होती.

मास्तर स्टुलावर बसले. कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. लेक कामावर गेली की घरात ताई एकटीच असायची.

त्यांनी हेड उघडलं. आतली स्प्रिंग पार थकली होती. ती आजची थकलेली नव्हती. ताईचा कॅमेरा त्या स्प्रिंगला कित्येक वर्षांपासून पेलत नसणार. ताई दांडा धरून उभी असायची तेव्हा तो भार तिचा उजवा तळहातच पेलत होता, आणि तिला ते कळलंही नसेल. हात चांगला होता तोवर चालून गेलं. डाव्या हाताने धरल्यावर कॅमेऱ्याने मान टाकली असणार, म्हणून तिने कळ आवळली असणार, आणि बोटांनी आवळेना म्हणून पकड.

त्या दिवशी मास्तरांनी दुसरं काही काम केलं नाही. संध्याकाळी ते ताईकडे गेले. ताई खिडकीत बसली होती.

"हेड उघडलं मी," ते म्हणाले.

ताईने वळून बघितलं. "मी ते द्यायला सांगितलं होतं. उघडायला नाही."

"दांडा डावीकडे कुणी लावला?"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून तिला राग आला. "तुला काय करायचंय? लावला मी. बघितलं लावून. पडला कॅमेरा, वाचला कसाबसा, मांडीवर पडला म्हणून. झालं समाधान? आता जमत नाही, संपलं. माणसाला कळायला पाहिजे संपलं ते."

"कॅमेरा तुझ्या हातामुळे नाही पडला, स्प्रिंगमुळे पडला. स्प्रिंग मेली होती."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस."

"मी आजवर तुला बरं वाटावं म्हणून काय बोललोय, सांग."

ताईला खरंच असं काही आठवेना. तिने डाव्या हाताने डोळे पुसले आणि म्हणाली, "चहा टाक. मला आता दोन कप एकदम नेता येत नाहीत."

दुसऱ्या आठवड्यात ताई दुकानात आली. भाची सोबत होती, आणि तिचा चेहरा सांगत होता की तिला हे मुळीच पसंत नाही. "डॉक्टरांनी दमायचं नाही म्हणून सांगितलंय," ती दारातूनच म्हणाली.

"हेड निवडताना कुणी दमत नाही," मास्तर म्हणाले. "दमतो तो दाखवणारा."

फळीवरून त्यांनी सगळ्यात भारी हेड काढलं होतं. जड, लोण्यासारखं फिरणारं. ताईने डावा हात दांड्यावर ठेवला, वळवलं, आणि मान हलवली. "घट्ट आहे. सुरुवातीला मला ढकलावं लागतंय, मग ते एकदम सुटतं. हिसका येतो."

"घट्ट असलं तर हात थरथरला तरी कॅमेरा थरथरणार नाही."

"अरे, पण नाचणारी बाई निघून जाईल तोवर."

मग सैल केलं, तर हाताचा कंप कॅमेऱ्यात उतरला. ताईने दुसरं मागितलं, तिसरं मागितलं. ती एकेक हेड वळवत होती, डोळे मिटून, आणि मास्तर पुढचं उचलून ठेवत होते. भाची आधी दारात उभी होती, मग स्टुलावर बसली, मग तीच कॅमेरा उतरवायला आणि चढवायला लागली. शेवटी ताई म्हणाली, "माझंच बरं होतं. तेच दुरुस्त होत असेल तर बघ. त्याच्या खोड्या तरी मला माहीत आहेत."

मास्तरांना हे मनातून आवडलं. पण आवडलं की माणूस जरा जास्तच उत्साहात येतो. त्यांनी स्प्रिंग बदलली, कळेच्या जागी तळव्याने ढकलता येईल अशी लांब पट्टी बसवली, जुनं ग्रीस पुसून नवं भरलं. इथवर ठीक होतं. त्यानंतर त्यांनी एक रुंद पट्टा शिवून आणला, ताईचा उजवा हात दांड्याला बांधायला. उजवा खांदा हलतोच, तर खांद्याने कॅमेरा वळवता येईल, असा हिशेब. बायकोने पट्टा बघितला आणि म्हणाली, "अहो, त्यांना विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? बघेल ना लावून."

"मला नाही वाटत त्यांना आवडेल," ती म्हणाली.

ताईने पट्टा लावू दिला. क्षणभर हाताकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "सोड."

"एकदा वळवून तर बघ."

"सोड म्हटलं ना. गोठ्यातल्यासारखं बांधलंयस मला. पडायला लागले तर कॅमेरा घेऊन पडेन. आणि नाही पडले तरी लोक काय बघतील? नाच बघतील की मला?"

मास्तरांनी पट्टा सोडला. तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना. घरी आले, जेवण अर्धवट सोडून उठले. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि "मी म्हटलं नव्हतं का" हे वाक्य गिळून टाकलं. त्याबद्दल मास्तरांना तिचे आभार मानावेसे वाटले, पण तेही त्यांना जमलं नाही.

मग त्यांनी ताईलाच विचारायला सुरुवात केली. हे त्यांना आधी सुचायला हवं होतं, पण इतकी वर्षं एकच काम केलेल्या माणसाला विचारायची सवय राहत नाही. डावा हात कुठे दमतो? मनगटात. मग दांडा लांब करू? लांब कर, म्हणजे कोपर अंगाशी टेकवता येईल. मूठ कशी हवी? जाड. खाली घसरते. मग टोकाला फुगीर करतो. ग्रीस? वळताना थोडं घट्ट चालेल, वरखाली होताना सैल पाहिजे, कारण माणसं आडवी सावकाश जातात पण उठतात पटकन. हे मास्तरांनी कधी या शब्दांत ऐकलं नव्हतं. त्यांनी वळण्याच्या बाजूला एक ग्रीस भरलं, वरखालीच्या बाजूला दुसरं. ताई रोज दुपारी येऊन टेबलाशी उभी राहायची, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचा पाठलाग करायची. सायकलवाला, भाजीची पिशवी घेतलेली बाई, शाळेतून सुटलेली पोरं. पोरं तिला सापडायची नाहीत. "कार्टी सरळ चालतच नाहीत," ती म्हणायची, आणि पुन्हा दांडा धरायची.

हिवाळा संपता संपता ती सभागृहात गेली. व्यवस्थापक जुना ओळखीचा, भला माणूस. पण त्याच्या जिवावर आलं होतं, हे दिसत होतं. "मुख्य शूटिंग आता तो करतो," तो नव्या तरुणाकडे बोट दाखवून म्हणाला. "तीन कॅमेरे लावून. पण आज नाचाची तालीम आहे. तुम्ही बाजूने करून बघा हवं तर."

त्या नव्या तरुणाने तिच्यासाठी जागा करून दिली आणि वायरी गुंडाळून बाजूला घेतल्या.

मास्तर मागच्या खुर्चीत बसले. तालीम सुरू झाली. पहिला संथ भाग ताईने छान धरला. नर्तकी आडवी गेली, कॅमेरा तिच्याबरोबर गेला. मग ताल चढला. नर्तकीने गिरकी घेतली, उडी मारली, आणि ताईच्या कॅमेऱ्याच्या चौकटीत नुसता रिकामा रंगमंच राहिला. ताईने तिला पुन्हा गाठलं, पुन्हा ती निसटली. तिसऱ्यांदा ताईने पाठलाग केलाच नाही. झूम मागे घेतलं, सगळा रंगमंच चौकटीत घेतला आणि स्थिर उभी राहिली. मास्तरांना बसवेना, पण उठून करणार काय?

तालीम संपल्यावर ती स्वतःच व्यवस्थापकाकडे गेली. "नाच नाही जमणार," ती म्हणाली. "धावपळीचं दुसरं काहीही नाही. तो मुलगा आहे, त्याला करू दे. बसून गाणारे, बोलणारे, वाचणारे असतील तर मला सांगा. ते मी तुम्हाला कुणापेक्षाही चांगलं देईन."

व्यवस्थापकाने मघाशी घेतलेला संथ भाग कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितला, पुन्हा एकदा बघितला, आणि म्हणाला, "गुरुवारी वाचन आहे एक. याल?"

बाहेर पायरीवर बसून ताई पाणी प्यायली. भाची तिला घ्यायला आली होती. "कसं झालं?" तिने विचारलं.

"निम्मं झालं," ताई म्हणाली.

"म्हणजे वाईट?"

"म्हणजे निम्मं. ट्रायपॉड उचल." भाचीने उचलला.

घरी येताना मास्तरांना वाटत होतं, आपण कमी पडलो. अजून हलकी स्प्रिंग, अजून वेगळं ग्रीस, काहीतरी राहिलं असेल. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. ताई म्हणाली, "अरे, हेड चांगलं आहे. हात निम्मा आहे. प्रत्येक गोष्ट तुझ्या टेबलावर नाही रे सुटत." तिने हे रागाने म्हटलं नाही, आणि म्हणूनच मास्तरांना ते ऐकून घेता आलं.

गुरुवारच्या वाचनाला एक वयस्कर बाई आल्या होत्या. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. त्या खुर्चीत बसून आपल्या आईबद्दल लिहिलेलं वाचत होत्या, अगदी सावकाश, मध्येच पान उलटताना थांबत. ताई मागे उभी होती, कोपर अंगाशी टेकवून. बाईंनी मान खाली घातली की कॅमेरा कळेल न कळेल इतका खाली यायचा, वर बघितलं की त्यांच्याबरोबर वर. उजवा हात तिच्या कमरेशी नुसता लटकलेला होता आणि तिला त्याची आठवणही नसावी.

मास्तर शेजारीच उभे होते. ग्रीस कसं वागतंय, दांडा कुरकुरतोय का, हे ऐकायला त्यांनी कान लावला होता. त्यासाठी त्यांनी जरा पुढे वाकून एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला.

"हलू नकोस," ताई ओठ न हलवता म्हणाली. "पायाखालच्या फळ्या हलतात."

मास्तर होते तिथेच थिजले. पायाला मुंग्या आल्या, पाठ भरून आली, पण ते हलले नाहीत. हेडकडे बघता येईना, म्हणून समोर बघावं लागलं, आणि त्या बाई काय वाचताहेत ते हळूहळू त्यांच्या कानात शिरू लागलं. ते चांगलं होतं. वाचन संपेपर्यंत त्यांनी ते सगळं ऐकलं.